झटका मशीनची बॅटरी

ऋतुजाच्या गाडीला दोन बॅटऱ्या होत्या, आणि केजमध्ये ही गोष्ट तिच्याशिवाय कुणालाही पटत नव्हती.

गाडी मूळची तिच्या मामांची. विठ्ठलराव म्हणजे कडा गावचे बागायतदार, दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेले. दहा वर्षांपूर्वी त्यांनी हौसेनं पुण्याहून ही हायब्रीड आणली होती. पेट्रोलवरही चालायची आणि आतल्या मोठ्या बॅटरीवरही. लांबलचक, बुटकी, राखाडी. आठ वर्षं वापरली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की पुढारी कसा वरून खाली उतरायला पाहिजे. या गाडीतून त्यांना खालून वर उठावं लागायचं, तेही गुडघ्यावर हात देऊन, सगळ्या गावासमोर. त्यांनी उंच गाडी घेतली आणि ही शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली.

ऋतुजानं केजला जनावरांचा दवाखाना टाकला तेव्हा तिनं ती मागून घेतली. मामा म्हणाले, "पोरी, जीप घे. ह्या गाडीचं काय खरं न्हाई. आन् बाईमाणसानं रानोमाळ हिंडायचं, त्यात ही असली." शेवटचं वाक्य त्यांनी गाडीबद्दल म्हटलं की तिच्याबद्दल, ते तिनं विचारलं नाही.

खरं तर गाडी तिच्या कामाला फार सोयीची निघाली. हळू चालवली की इंजिन बंदच असायचं. टायरखाली खडे वाजतील तेवढाच आवाज. गोठ्यापाशी गेली तर म्हशी कान टवकारत नसत. मेंढ्यांच्या तळावर गेली तर कळप बुजत नसे. सटवा धनगराची बायको अंजना एकदा म्हणाली होती, "बाई, तुमची गाडी मांजरावानी येती." ऋतुजाला ते लई आवडलं होतं.

फेब्रुवारी संपता संपता गाडीनं कुरबुर सुरू केली. सकाळी किल्लीचं बटण दाबलं की कुलूप कण्हत कण्हत उघडायचं. एके दिवशी समोरच्या पट्टीवरचे सगळे दिवे एकदम लागले, लाल, पिवळे, आणि गाडी ढिम्म हलली नाही. दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर कशीबशी चालू झाली.

बसस्टँडमागे गॅरेज असलेल्या प्रविणनं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांना सांगतो तसं हळू आवाजात सांगितलं, "म्याडम, मोठी बॅटरी गेली. आता एवढा खर्च करण्यापरीस गाडी काढून टाका."

"तुम्ही तपासली?"

"तपासायला काय पायजे? हायब्रीडचं असंच असतंय."

मामांना फोनवर कळलं तेव्हा तेही तेच म्हणाले. दवाखान्यातला औषधवाला तेच म्हणाला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानंही तेच सांगितलं, आणि त्यानं तर गाडीत कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

ऋतुजाला एक खोड होती. जनावराला हात लावल्याशिवाय ती रोगाचं नाव घेत नसे. कॉलेजात तिच्या सरांनी ती लावली होती आणि आता ती जाणार नव्हती. तिनं गाडीच्या समोरच्या कप्प्यातून माहितीचं जाड पुस्तक काढलं. त्याचं प्लॅस्टिक मामांनी दहा वर्षांत फोडलंही नव्हतं. रविवारी दुपारभर बसून तिनं ते वाचलं. त्यात लिहिलं होतं की मागच्या सीटमागे मोठी बॅटरी आहे, ती गाडी ओढते. आणि डिकीत, उजव्या कोपऱ्यात, झाकणाखाली आणखी एक लहान बॅटरी आहे, बारा व्होल्टची, साधी. कुलपं, दिवे, गाडीचा कॉम्प्युटर हे सगळं तिच्यावर. तो कॉम्प्युटर जागा झाल्याशिवाय मोठी बॅटरी कामाला लागतच नाही.

तिनं हार्डवेअरच्या दुकानातून व्होल्टेज मोजायचं मीटर आणलं. सकाळी गाडी चालू करायच्या आधी लहान बॅटरीवर लावलं. साडेबाराच्या वर आकडा हवा, तो साडेअकराला आला होता. गाडी चालू केल्यावर लगेच चौदावर गेला. म्हणजे मोठीचा जीव ठणठणीत होता, धाकटीला चार्जही करत होती. धाकटीच तो धरून ठेवत नव्हती.

ती मीटर घेऊन प्रविणकडे गेली. "मोठी बॅटरी म्हणजे गोठ्यातला बैल," ती म्हणाली. "आणि ही लहान म्हणजे गोठ्याच्या दाराची कडी. कडीच निघत नसेल तर बैल बाहेर येणार कसा? आणि तुम्ही बैल मेला म्हणून सांगायला लागलात."

प्रविणनं आकडे दोनदा पाहिले. मानी माणूस होता, पण खोटारडा नव्हता. "माझं चुकलं," तो म्हणाला. "पण ही बॅटरी हितं मिळायची न्हाई. डिकीत बसती म्हणून बंद तोंडाची लागती, वाफ बाहेर जायची नळी असलेली. मागवावी लागंल."

मागवली. आठ-दहा दिवस लागतील असं उत्तर आलं. तोवर प्रविणनं त्याचा चार्जर दिला, तो ती घरी आल्यावर लहान बॅटरीला लावून ठेवायची. दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायच्या जाड केबलाही त्यानं दिल्या. आणि ऋतुजानं स्वतःपुरता एक नियम केला: केजच्या बाहेर गाडी बंद करायची नाही. कुठंही गेलं तरी चालू ठेवायची.

नियम पाच दिवस पाळला गेला.

सहाव्या दिवशी, मार्चमधल्या एका कडक सकाळी, ती एका वाडीत व्यालेल्या गाईचा अडकलेला जार काढून हात धूत होती तेव्हा फोन वाजला. अंजनाचा होता.

"बाई, मेंढरं पडायलेत. माना टाकायलेत, तोंडाला फेस यायलाय. चार खलास झाली."

"काय खाल्लंय?"

"आप्पारावच्या रानात बसवलेत न्हवं आमी. ज्वारी काढलेलं रान हाय. सकाळी सोडली तर कडंच्या हिरव्यात घुसली."

"हिरवं म्हणजे? ज्वारीचा फुटवा?"

"व्हय. वीतभर असंल."

ऋतुजा ओल्या हातांनीच बॅग भरायला लागली. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यातून फुटलेले कोवळे धुमारे. दिसायला गवतासारखे, पोटात विष. "बाकीची मेंढरं तिथून हाकला. पाणी पाजू नका ओढ्यावर नेऊन. गूळ आहे का?"

"हाय थोडा."

"तो पाण्यात कालवून पडलेल्यांना पाजा. घाई करू नका, नाकात जाईल. मी आलेच."

अंतर आठ-नऊ किलोमीटर, पण रस्ता डोंगराचा. निम्मा डांबरी, निम्मा मुरमाचा. बुटक्या गाडीचं पोट दोनदा दगडाला घासलं. वाटेत ती मनाशी मोजणी करत होती. मागच्या सीटवरच्या बॅगेत इंजेक्शनं होती, सहा-सात मेंढरांना पुरतील एवढी. डिकीत हायपोचा, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याच्या पावडरीचा, मोठा डबा होता, सलाईनच्या बाटल्या होत्या, जास्तीच्या सुया होत्या. डब्यातलं औषध पाण्यात कालवून पाजता येतं. सगळा कळप त्यात निघाला असता.

आप्पारावचं रान टेकडीच्या उतारावर होतं. वर तारेच्या कुंपणात उन्हाळी भुईमूग, खाली ज्वारी काढलेलं मोकळं रान. त्या रानात आप्पारावनं सटवाच्या मेंढ्या बसवल्या होत्या. रात्रभर कळप बसला की लेंड्या-मुताचं खत आयतं रानात पडतं, आणि धनगराला धान्य मिळतं. मधोमध बोअरची पाईपलाईन गळत होती आणि तिच्या दोन्ही अंगांना हिरवागार पट्टा उठला होता. तो पट्टा आता अर्धा खुडलेला दिसत होता.

मेंढ्या ठिकठिकाणी पडल्या होत्या. काहींचे पाय झाडणं चालू होतं. सटवा, पन्नाशीचा, एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस, एका माडग्याळी मेंढ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या कानात काहीतरी सांगत होता. अंजना पितळी तांब्यातून गुळाचं पाणी पाजत एकीकडून दुसरीकडे पळत होती.

ऋतुजानं गाडी लावली, बटण दाबलं, बॅग ओढली आणि पळाली. दार तसंच उघडं राहिलं.

पहिल्या मेंढीची पापणी उलटून पाहिली. आतला रंग चेरीसारखा लाल. शंका उरली नाही. शीर शोधायची, सुई घालायची, औषध हळू सोडायचं, पुढची. अंजना डोकी धरत होती. सहा मेंढ्या झाल्या. त्यांतली पहिलीच मेंढी पाच मिनिटांत डोकं उचलून बघायला लागली. तेवढ्यात बॅग रिकामी झाली.

"किती राहिल्या?"

"पंचवीस तरी असतील, बाई. आजून दोन-चार लडखडायलेत."

ऋतुजा डिकीकडे धावली आणि झाकणाखालचं बटण दाबलं. आतून एक बारीक टक असा आवाज आला. पुन्हा दाबलं. तोही आला नाही.

ती चालकाच्या दाराशी आली. आतला दिवा निखारा विझताना दिसतो तसा लालसर दिसत होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो गेला. तेव्हा तिला आठवलं की उतरताना तिनं बटण दाबलं होतं. रोजच्या सवयीनं. पाच दिवस ज्या बोटाला आवरलं होतं, त्यानं नेमका आज दगा दिला होता.

या डिकीला किल्लीचं भोक नव्हतं. ती विजेवरच उघडायची. आतून, सीटमधून हात घालावा, तर मध्ये मोठी बॅटरी भिंतीसारखी बसलेली. प्रविणच्या जाड केबलाही डिकीतच होत्या. बॅटरी मोजायचं मीटरही.

क्षणभर तिला वाटलं की मातीत बसून घ्यावं. मग एक मेंढी ओरडली आणि ती बसली नाही.

"सटवामामा, इथं ट्रॅक्टर कुणाचा आहे?"

"आप्पारावचा हाय. पर सकाळीच ऊस घेऊन गेला. पोरगं गेलंय. गाडीबी धाकट्या पोरानं नेली."

आप्पाराव स्वतः भुईमुगाच्या कडेनं धापा टाकत येत होता. साठीचा, धोतराचा सोगा हातात धरलेला. मेलेल्या मेंढ्या पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. "हे कसं झालं?" तो कुणाला तरी विचारत होता, पण उत्तर ऐकायला थांबला नाही, कारण ऋतुजानं त्याचा दंड धरला होता.

"काका, बारा व्होल्टची बॅटरी आहे का कुठं? कसलीही. फवारणी पंपाची, झटका मशीनची."

"झटका मशीनची हाय की. डुकरासाठी बसवलंय." भुईमुगाच्या कोपऱ्यात खांबावर एक लहानसं सोलर पॅनेल होतं, खाली पत्र्याची पेटी. रात्री रानडुकरं आली की कुंपणाच्या तारेतून त्यांना झटका बसायचा. "पर ती एवढीशी हाय, डबड्याएवढी. तिनं कार चालू व्हती व्हय?"

"चालू नाही करायची. उघडायची आहे. घेऊन या. आणि मोटारीची वायर, दोन तुकडे, चार-चार हात लांबीचे."

आप्पाराव घुटमळला. त्याला पटलेलं नव्हतं, हे दिसतच होतं. पण पुढच्याच पावलाला एका मेंढीनं पाय ताणले आणि ती गेली. तो वळला आणि या वयात माणूस पळतो तसा पळाला.

ऋतुजानं गाडीचं बॉनेट उघडलं. ते तारेच्या ओढीवर उघडायचं, त्याला वीज लागत नव्हती. पुस्तकात एक चित्र होतं: फ्यूजच्या पेटीत लाल टोपण, टोपणाखाली लोखंडी जीभ. पाठीमागच्या बॅटरीपर्यंत पोहोचता आलं नाही तर करंट इथून द्यावा. तिनं पेटी शोधली. टोपण दहा वर्षांच्या धुळीनं माखलं होतं, पण होतं.

आप्पारावनं बॅटरी आणली. खरंच जेवणाच्या डब्याएवढी होती. सटवानं लोकर कातरायच्या कातरीनं वायरींची टोकं सोलली. जोडायला चिमटे नव्हते, तेव्हा ऋतुजानं बॅगेतून आपले चिमटे काढले, जखमेतली शीर आवळून धरायचे. लाल टोपणाखालच्या जिभेवर एक, आणि तो दुसऱ्या कशाला टेकू नये म्हणून त्याला भोवतीनं कापसाची पट्टी गुंडाळली. दुसरा चिमटा इंजिनाच्या एका उघड्या नटावर. मग वायरी बॅटरीला लावल्या. अधिक ही तिकडे, वजा ही इकडे, असं तिनं दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

ती आत बसली आणि ब्रेकवर पाय ठेवून गाडीचं बटण दाबलं. पट्टीवरचे दिवे अर्धवट उजळले, कुठंतरी टकटक टकटक झालं आणि अंधार झाला.

आप्पाराव हळूच म्हणाला, "म्हनलं न्हवतं का."

ऋतुजानं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. विचार कर, ती स्वतःला म्हणाली. तापल्या डोक्यानं जनावर सापडत नाही आणि शीरही सापडत नाही. मागची मेलेली बॅटरी तहानलेली होती. झटका मशीनच्या बॅटरीतला करंट आधी ती पिणार. ती थोडी तरी भरेपर्यंत कशालाच काही मिळायचं नाही. आणि तिनं घाईघाईनं सगळा कॉम्प्युटर जागा करायला घेतला होता. तिला हवी होती फक्त डिकी.

ती उतरली. सगळी दारं लावून घेतली म्हणजे आतला एकही दिवा पिणार नाही. "दहा मिनिटं कुणी कशाला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"धा मिन्टं?" सटवा म्हणाला.

"दहा."

दहा मिनिटं किती लांब असतात हे तिला त्या दिवशी कळलं. गूळ संपला. अंजनानं तांब्याच्या बुडाशी राहिलेलं बोटानं निपटून एका कोकराच्या जिभेला लावलं. ऋतुजा एकेका मेंढीपाशी बसत होती, श्वास मोजत होती, जिची मान उलटी पडली होती तिला पोटावर बसवत होती म्हणजे पोट फुगून गुदमरायला नको. एक गेली. मग ती मेंढी गेली जिला अंजनानं तिची आई मेल्यावर बाटलीनं वाढवलं होतं. अंजनानं तिच्या अंगावर पदराचं टोक एकदा फिरवलं आणि दुसरीकडे गेली.

सटवा उठून तंबूकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कुऱ्हाड होती. तो सरळ गाडीच्या मागच्या बाजूला गेला.

"सटवामामा."

"सरका, बाई. पत्र्याचीच तर हाय."

ऋतुजा डिकीला पाठ लावून उभी राहिली. "ह्या पत्र्याच्या आत मोठी बॅटरी आहे. तिच्या वायरी नारंगी रंगाच्या असतात, त्यांत दोनशेच्या वर व्होल्ट असतात. कुऱ्हाडीचं पातं तिथं गेलं तर तुम्ही इथंच पडाल. मग मी मेंढरांकडे बघू का तुमच्याकडे?"

"माजी मेंढरं मरायलेत."

"मला दिसतंय. गाडी मी बंद केली, मामा. चूक माझी आहे, ती मीच निस्तरणार. तीन मिनिटं द्या मला."

सटवानं तिच्याकडे पाहिलं. कुऱ्हाड खाली घेतली नाही, पण उचललीही नाही.

आप्पाराव बॉनेटपाशी वायरींवर सावली धरल्यासारखा उभा होता आणि चिमटे हलू नयेत म्हणून त्यांच्याकडे टक लावून बघत होता. ऋतुजानं घड्याळ पाहिलं. आणखी अर्धं मिनिट मुद्दाम जाऊ दिलं. मग तिनं झाकणाखाली हात घातला आणि बटण दाबलं.

आत काहीतरी घरघरलं, अडलं, पुन्हा घरघरलं. आणि डिकी बोटभर वर आली.

अंजनाच्या तोंडून "आई" एवढंच निघालं. सटवानं कुऱ्हाड टाकली आणि दोन्ही हातांनी झाकण वर केलं.

पुढचा पाऊण तास कसा गेला ते कुणालाच नीट आठवत नाही. हायपोचा डबा फोडला, बादलीत पाणी घेतलं. ऋतुजा मापानं पावडर टाकायची, सटवा ढवळायचा, अंजना बाटल्या भरायची. ज्या अगदीच गळाल्या होत्या त्यांना शिरेतून, बाकीच्यांना तोंडानं. आप्पारावनं धोतर खोचलं आणि डोकी धरायला बसला. "जबडा असा नाही, काका, खालून धरा," ऋतुजा म्हणायची आणि तो मुकाट्यानं तसं धरायचा. एक मेंढी उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. मग दोन उभ्या राहिल्या. बाराच्या सुमाराला सटवानं काठीनं जमीन ठोकत कळप मोजला. दीडशेच्या वर मेंढरांतली अकरा गेली होती. अठ्ठावीस पडून उठली होती.

त्या अकरांतली तीन डिकी बंद असताना गेली होती. ऋतुजाला ती तिन्ही ओळखू येत होती.

"ही खायची नाहीत, विकायची नाहीत," तिनं मेलेल्या मेंढ्यांकडे हात केला. "खोल खड्डा करून पुरा. आणि हा पट्टा आजच्या आज नांगरून टाका, काका."

आप्पाराव पाईपच्या गळतीकडे बघत होता. "मला ठाव होतं," तो म्हणाला. "फुटवा वाईट असतो हे काय मला कळत न्हाई? म्हशीला मी तिकडं जाऊ देत न्हाई. सटवाला सांगायचं ध्यानातच न्हाई आलं बघा." सटवानं मान वर केली नाही. खड्डा खणायला त्यानं आप्पारावच्याच हातून टिकाव घेतला, आणि थोड्या वेळानं आप्पारावही दुसरं फावडं घेऊन त्याच्याशेजारी उतरला. त्यांच्यात काय मिटलं, काय राहिलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

गाडी अजून चालू व्हायची होती. आता डिकी उघडी होती, म्हणजे काम सोपं होतं. ऋतुजानं कोपऱ्यातलं झाकण काढलं. मेलेल्या बॅटरीची टोकं पान्यानं सैल केली, आधी वजा, मग अधिक, आणि झाकणाच्या रबरात ती गुंडाळून ठेवली. तिच्या जागी झटका मशीनची बॅटरी ठेवली. टोकं बसत नव्हती, तेव्हा प्रविणच्या केबलांनी जोडली आणि सलाईनच्या नळीनं करकचून बांधली. मग पुढं येऊन बसली. ब्रेक. बटण.

पट्टीवर एकेक दिवा शिस्तीत लागला आणि शिस्तीत गेला. शेवटी हिरव्या अक्षरांत गाडी तयार असल्याचं आलं. कसलाही आवाज झाला नाही. आप्पाराव वाट बघत राहिला.

"झाली का न्हाई चालू?"

"झाली."

"आवाज तर काय येईना." त्यानं बॉनेटवर पंजा ठेवून पाहिला, जसा म्हशीच्या पोटावर ठेवतात. "एवढ्याशा डबड्यानं?"

"डबड्यानं फक्त कडी काढली," ऋतुजा म्हणाली. "काका, आजची रात्र ही बॅटरी माझ्याकडे राहील. तुमचा भुईमूग..."

"राखीन मी काठी घेऊन. पहिलं काय राखत न्हवतो का?"

ती गाडीत बसायच्या आधी अंजना आली. हाताला गुळाचा चिकटपणा, कपाळावर माती. ऋतुजानं सटवाला सांगितलं होतं तेच तिला पुन्हा सांगितलं. "तीन माझ्यामुळे गेली, अंजनाबाई. गाडी बंद करायला नको होती."

अंजनानं ऐकून घेतलं. "ती माजी होती, त्यातली एक," ती म्हणाली. तिनं दोष दिला नाही आणि माफही केलं नाही. मग म्हणाली, "बाकीच्यांचं उद्या काय?"

"उद्या सकाळी येते. दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल. काही पुन्हा सुस्तावतील."

"याच मग."

केजला पोचेस्तोवर तिनं गाडी कुठंही थांबवली नाही. सरळ प्रविणच्या गॅरेजात घातली. त्यानं डिकीतला प्रकार पाहिला आणि सलाईनच्या नळीच्या गाठीवरून बोट फिरवलं.

"ही गाठ कुठली?" त्यानं विचारलं.

"टाके घालायची."

त्यानं आपल्या ओळखीच्या कुणाकुणाला फोन लावले. नळीची नवी बॅटरी नव्हतीच कुणाकडे, पण बीडला एका माणसाकडे त्याच मापाची दुसऱ्या गाडीतून काढलेली, चांगल्या अवस्थेतली एक होती. संध्याकाळी केजच्या एसटीनं ती आली. प्रविण म्हणाला, "तुमी बसवा. मी बघतो." तिनं बसवली, तो टॉर्च धरून उभा राहिला आणि कुठला नट कुठं ते मनाशी पुटपुटत राहिला. मीटरवर बारा पॉईंट सहा आलं.

मामांचा फोन आला तेव्हा ती हात पुसत होती. बातमी कड्यापर्यंत पोचली होती. वाटेत तिला शेपूट फुटून मेंढ्यांचा आकडा चारशे झाला होता. "अगं, माझ्या डायव्हरला सांगतो," विठ्ठलराव म्हणाले, "उद्यापास्नं जीप पाठवतो. ती गाडी बंद करून टाक आता."

"मामा, गाडीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "चूक माझ्या बोटाची होती. बोट बदलता येत नाही."

"तुझ्या आईचंच घेतलंस तू सगळं," मामा म्हणाले आणि मग मेंढ्यांना नेमकं काय दिलं ते विचारत बसले. त्यांच्याही शेतात ज्वारीचा फुटवा होता.

दुसऱ्या दिवशी सातला ती रानात पोचली. आप्पारावची बॅटरी मागच्या सीटवर होती. रान नांगरलेलं होतं, ओल्या मातीचा काळा पट्टा चकाकत होता, आणि पाईपच्या गळतीवर सायकलची ट्यूब आवळून बांधली होती. सटवानं रात्रीतून कळप वरच्या अंगाला, बाभळीखाली हलवला होता. ती एकेकीच्या पापण्या उलटून बघत गेली. रंग उतरला होता, साधा गुलाबी झाला होता. दोघी जरा मंद होत्या, त्यांना तिनं आणखी एकदा औषध पाजलं.

काल पहिली सुई घेतलेली मेंढी बाभळीच्या बुंध्याशी बसली होती. ऋतुजा तिच्यापाशी उकिडवी बसली. मेंढीचा खालचा जबडा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला संथपणे सरकत होता. रवंथ करत होती.

"ती रातीपासनंच करायली," अंजना मागून म्हणाली. तिनं हातातला चहाचा पेला ऋतुजासमोर धरला.

ऋतुजानं तो घेतला आणि मेंढीचा जबडा बघत, घोट घोट करून प्यायली.